शनिवारी उघडणारे दार: आमच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
गव्हर्नर मंडळ, चर्च ऑफ इंग्लंड माध्यमिक शाळा

सविनय नमस्कार विनंती विशेष.

मी आपल्या शाळेत इयर नाइनमध्ये, म्हणजे साधारण भारतातल्या आठवीत, शिकणाऱ्या एका मुलीची आई आहे. दर शनिवारी सकाळी याच शाळेच्या चार वर्गखोल्या भाड्याने घेऊन आमची मराठी शाळा भरते, आणि तिथे मी लहान मुलांना बाराखडी शिकवते. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस ही वास्तू मी मुलीच्या तोंडून ऐकते आणि सहाव्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. ऐकलेल्या आणि पाहिलेल्या शाळेत जो फरक आहे, त्याविषयी हे पत्र आहे. पत्राची इंग्रजी प्रत मी शाळेचा कारभार पाहणाऱ्या आपल्या मंडळाच्या क्लार्ककडे दिली आहे. मराठीत ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की आपल्या शाळेत बरीच मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांतल्या काही आयांनी हीच तक्रार माझ्याजवळ दबक्या आवाजात केली आहे. "चर्चची शाळा, आपण हिंदू, मुलीला प्रवेश मिळाला हेच खूप झाले, आता कशाला तोंड उघडायचे," असे त्या म्हणतात. मला हे पटत नाही. प्रवेश देताना शाळेने आमच्या मुलींना पूर्णपणे आपले मानले आहे, असे मी समजते.

तक्रार एका वाक्यात सांगता येईल: तास चालू असताना शाळेतल्या स्वच्छतागृहांना कुलूप असते. सकाळी पावणेनऊपासून दुपारी सव्वातीनपर्यंतच्या दिवसात ती उघडतात वीस मिनिटांच्या छोट्या सुट्टीत आणि जेवणाच्या चाळीस मिनिटांत. त्या वेळात शेकडो मुली दोन मजल्यांवरच्या मोजक्या दारांपुढे रांग लावतात आणि घंटा झाली की अर्धी रांग तशीच वर्गात परतते. मधल्या वेळात जायचे असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मिळणारा पास दाखवावा लागतो. पास नसेल तर शिक्षकांनी ऑफिसला कळवायचे, मग कोणीतरी किल्ली घेऊन यायचे आणि दार उघडायचे. हा सगळा खटाटोप चाळीस डोळ्यांसमोर होत असल्यामुळे तेरा-चौदा वर्षांची मुलगी सहसा विचारतच नाही.

सकाळी मी मुलीची निळी बाटली काठोकाठ भरून देते. दुपारी ती घरी येते, दप्तर खाली ठेवते, आणि मी बाटली उचलली की तिच्या वजनावरूनच कळते की आजही ती उघडलेली नाही. पहिले काही महिने मी रागावत असे. मग एके दिवशी तिने शांतपणे सांगितले, "आई, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जाता येत नाही. म्हणून मी पीत नाही." तिच्या वर्गातल्या मैत्रिणीही पीत नाहीत. दुपारी घरात शिरल्या शिरल्या त्या आधी बाथरूमकडे धावतात, हे त्यांच्या आयांनीही मला सांगितले आहे.

हे ऐकताना मला माझी शाळा आठवली, म्हणूनच ते फार लागले. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शिकले. आमच्या शाळेत मुलींसाठी एक मुतारी होती आणि तिला दार नव्हते. दोन मैत्रिणी ओढणीचा आडोसा धरून उभ्या राहत, तेव्हा तिसरी आत जाई. पाळीच्या दिवसांत आम्ही शाळेतच जात नसू, आणि एरवी सकाळी घरून निघताना चहाचा अर्धा कप सोडला तर घशाखाली काही उतरू देत नसू. पुढे भारतात २००९ साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी या गोष्टी त्यात शाळेच्या इमारतीच्या आवश्यक बाबी म्हणून लिहिल्या गेल्या, तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. माझ्या मुलीवर ही वेळ येणार नाही, असे मी धरून चालले होते. आमच्याकडे दार नव्हते म्हणून आम्ही तहानलेल्या राहिलो. इथे चांगले दार आहे, आत साबण आहे, गरम पाणी आहे, आणि तरी मुलीने तीच सवय लावून घेतली आहे.

मी गेली अकरा वर्षे एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात परिचारिका म्हणून काम करते. मूल दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी व शौचाची भावना दाबून ठेवते तेव्हा काय होते, हे मला पुस्तकात शोधावे लागत नाही. बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, डोके दुखते, शेवटच्या तासाला लक्ष लागत नाही. बद्धकोष्ठतेने आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो की पाणी भरपूर द्या आणि लागेल तेव्हा लगेच जाऊ द्या. मग आई विचारते, "सिस्टर, शाळेत कसं करायचं?" आणि आम्ही शाळेला पत्र लिहून देतो. माझ्या विभागातून अशी पत्रे गेली आहेत. निरोगी मुलाला निरोगी राहण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागावी, ही उलटी रीत आहे.

आता जे लिहिते ते मुलीला विचारून आणि तिच्या संमतीने लिहिते. गेल्या हिवाळ्यात भूगोलाच्या तासाला तिला पाळी आली. पाळी सुरू होऊन तिला जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा नेमकी तारीख तिलाही माहीत नव्हती. तिने हात वर केला, बाहेर जाण्याची परवानगी मागितली, आणि सुट्टीला पंचवीस मिनिटे आहेत, तोवर थांब, असे उत्तर मिळाले. पूर्ण वर्गासमोर कारण सांगणे तिला शक्य नव्हते. सुट्टीची घंटा झाल्यावर ती कमरेला जंपर (स्वेटर) बांधून रांगेत उभी राहिली आणि तिथून ऑफिसात गेली, कारण पॅड तिथल्या कपाटात ठेवलेले असतात. इंग्लंडच्या सरकारी अनुदानावरच्या शाळांना जानेवारी २०२० पासून पॅड मोफत मिळतात. योजना उत्तम आहे, आपल्या शाळेने त्यात भाग घेतला याबद्दल मी आभारी आहे, पण पॅड एका कपाटात आणि ते बदलण्याची जागा दुसऱ्या कुलपात असेल तर मुलीच्या हाती काय येते? त्या संध्याकाळी तिने स्कर्ट स्वतः धुतला आणि मला हात लावू दिला नाही. त्या शिक्षकांविषयी माझी तक्रार नाही. नियम त्यांनी केलेला नाही, आणि नियम मोडून एकीला सोडले तर पुढच्या तीन हातांना काय सांगायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा आहे. म्हणून मी शिक्षकांना न लिहिता मंडळाला लिहिते आहे.

शनिवारचे चित्र मात्र वेगळे असते. आमची मराठी शाळा तासाच्या दराने भाडे भरते, आणि भाडेकरारात वर्गखोल्यांबरोबर स्वच्छतागृहांचा वापर लिहिलेला आहे. सकाळी साडेनऊला केअरटेकर येतात, दिवे लावतात, तळमजल्यावरची स्वच्छतागृहे उघडतात आणि दारांना खाली लाकडी पाचर लावून ठेवतात. फरशी कोरडी असते, कागद असतो, साबण असतो. सहा वर्षांचा मुलगा 'क'ला काना काढता काढता मध्येच उठतो, जाऊन येतो, हात शर्टाला पुसतो आणि पुन्हा पाटीशी बसतो. कोणाचेच काही बिघडत नाही. एकदा माझी मुलगी मला मदत करायला आली होती. त्या उघड्या दारापाशी ती थबकली आणि म्हणाली, "हे दार सकाळी दहाला उघडं असतं?" सोमवारी सकाळी दहाला याच दारासमोरून ती गणिताच्या तासाला जाते. जे बाहेरून येऊन पैसे मोजतात त्यांना जी सोय मिळते, ती ज्यांच्यासाठी ही शाळा उभी आहे त्या मुलांना मिळू नये, हे त्या क्षणी मला इतके उघड दिसले की त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळत आहे.

प्रवेशाआधी पालकांना शाळा दाखवतात त्या ऑक्टोबरमधल्या ओपन इव्हनिंगलाही सगळी दारे अशीच उघडी होती. आम्ही तिघे आलो होतो. ग्रंथालयात पिवळे दिवे होते, मागच्या मैदानावर कृत्रिम हिरवळीचे नवे मैदान उजळलेले होते, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मोठ्या मुली मॅग्नेशियमची पट्टी जाळून दाखवत होत्या. त्या संध्याकाळी आम्ही ही शाळा निवडली. आज ग्रंथालय आठवड्यातून दोनच दिवस जेवणाच्या सुट्टीत उघडते, कारण ग्रंथपालांचे तास कमी झाले. हिरवळीच्या मैदानाचे फाटक दिवसा बंद असते आणि संध्याकाळी फुटबॉल क्लबांसाठी उघडते. भाड्याच्या उत्पन्नाची शाळेला गरज आहे, हे मला कळते. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणे नियमाने बंधनकारक आहे आणि शाळेत नाही, तेव्हा आपली शाळा निदान दोन दिवस तरी ते चालवते याचे श्रेय मी देते. पण माहितीपत्रकात ज्या सुविधांची यादी असते, ती वाचून पालक असे धरतो की मुलाला हवे तेव्हा हे मिळेल.

एक जागा मात्र शाळेत कायम उघडी असते, आणि ती म्हणजे चॅपल, शाळेतले प्रार्थनास्थळ. गेल्या वर्षी साताऱ्याला माझ्या सासूबाई वारल्या. विमानाची तिकिटे मिळेपर्यंत अंत्यविधी होऊन गेला होता. मुलगी आजीची फार लाडकी होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, कोणाला काही न सांगता चॅपलमध्ये शिरली, तिने एक मेणबत्ती लावली आणि तिथे बसून राहिली. चॅपलन बाई, म्हणजे शाळेच्या धर्मोपदेशिका, तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी एवढेच विचारले की आजीला काय म्हणून हाक मारायचीस. सामुदायिक उपासनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून मुलांना काढून घेण्याचा हक्क या देशाचा कायदा पालकांना देतो. आम्ही तो कधी वापरला नाही, आणि त्या दिवसानंतर तर तो विचारही मनात आला नाही. चॅपलमध्ये चांदीचा क्रूस आहे, उघड्यावर मेणबत्त्या आणि काडेपेटी आहे, आणि तिथेही मुले दंगा करू शकतात. तरीही तिथे कुलूप नाही, कारण मुलांवर विश्वास ठेवायचा असे कोणीतरी ठरवले आहे. तोच विश्वास चॅपलपासून तीस पावलांवर असलेल्या दाराशी का संपतो, एवढेच मला विचारायचे आहे.

चर्चने शाळा कशासाठी काढल्या, हा प्रश्न इथे अवांतर नाही. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, गरिबांच्या मुलांसाठी शाळा असावी म्हणून १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन झाली. सरकारने सर्वांसाठी शाळा उभारण्याचा कायदा केला तो १८७० साली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. त्या पहिल्या शाळांची शिकवण्याची पद्धत अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत तयार केली होती, म्हणून तिला 'मद्रास पद्धत' हेच नाव पडले. तिथल्या गावठी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना बेलने पाहिली आणि ती रीत उचलली. आमच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच, जिच्यावरून आम्ही आजही 'धूळाक्षरे' म्हणतो. मूठभर वाळू ही त्या शाळेची सुविधा होती. तिला मोल नव्हते, पण प्रत्येक मुलाचे बोट तिच्यापर्यंत पोचत होते. चर्चने २०१६ साली आपली शिक्षणविषयक दृष्टी मांडली तेव्हा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातले विपुल जीवनाचे वचन मध्यभागी ठेवले. आपल्या शाळेच्या प्रवेशद्वारावरही ते कोरलेले आहे. चर्चच्या शाळांची जी वेगळी तपासणी होते, त्यातही शाळेच्या ख्रिस्ती दृष्टीमुळे मुले फुलतात का, हेच पाहिले जाते. पुढच्या वेळी तपासनीस आले की त्यांनी मुलांच्या पाण्याच्या बाटल्या उचलून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

पैशाविषयी थोडे. आपली शाळा व्हॉलंटरी एडेड, म्हणजे चर्चची पण सरकारी अनुदानावर चालणारी, असल्यामुळे इमारतीच्या मोठ्या कामांचा साधारण दहा टक्के भाग मंडळाला उभा करावा लागतो. १९४४ च्या शिक्षण कायद्यात तो निम्मा होता. या दहा टक्क्यांसाठी दर सप्टेंबरात पालकांना बिल्डिंग फंडाचे पत्र येते, आणि आम्ही तो ऐच्छिक असूनही दरवर्षी भरतो. देशभरातल्या इमारतींची अवस्था मला माहीत आहे. मोठ्या दुरुस्तीची किंवा पुनर्बांधणीची गरज असलेल्या शाळांत सुमारे सात लाख मुले शिकत आहेत, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ साली सांगितले, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ठिसूळ हलक्या काँक्रीटमुळे शंभराहून अधिक शाळांना आपल्या इमारतींचे भाग बंद करावे लागले. त्यामानाने मी जे मागते आहे त्याला छप्पर बदलावे लागत नाही. कुलूप काढायला पैसे लागत नाहीत. माणसे लागतात, आणि अडचण तिथेच आहे हे मी मान्य करते.

कुलपे का लागली, तेही मी समजून घेतले आहे. आत व्हेप (ई-सिगारेट) ओढले जातात, सिंक फोडली गेली आहेत, एका लहान मुलीला आत अडवून मोठ्या मुलींनी तिचे फोनवर चित्रण केले होते. या गोष्टी गंभीर आहेत, आणि त्या घडू नयेत असे कोणत्याही आईला वाटेल. पण कुलूप लावल्याने त्या थांबल्या का? मुलगी सांगते की व्हेपिंग आता जेवणाच्या सुट्टीत होते, जेव्हा गर्दी असते आणि कोणाचे लक्ष नसते. काही मुलींनी आतल्या कुंपणामागची जागा शोधली आहे. ज्यांना गैरवापर करायचा आहे त्या वेळ शोधतात, आणि ज्यांना खरोखर जायचे आहे त्या सहा तास कळ सोसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कित्येक शाळांत मुलांनी याच नियमांविरुद्ध निदर्शने केली. ती काही ठिकाणी हाताबाहेर गेली आणि मुलांना शिक्षा झाल्या, पण मुलांनी ज्यासाठी आवाज उठवला ती गरज खरी होती.

२०१२ च्या शालेय इमारतींच्या नियमांत पिण्याचे पाणी शाळा चालू असताना सर्व वेळ सहज मिळाले पाहिजे, असे लिहिले आहे. स्वच्छतागृहांविषयी ती योग्य असावीत आणि फक्त विद्यार्थ्यांच्या वापरासाठी असावीत, असे म्हटले आहे. 'सर्व वेळ' हे शब्द तिथे नाहीत, आणि मी शाळेला याविषयी विचारले तेव्हा आलेल्या उत्तरात मला हेच दाखवून देण्यात आले. शब्द नाहीत हे खरे. पण पाणी सर्व वेळ देणाऱ्या नियमाने ते पाणी पिणाऱ्या मुलाला सहा तास थांबवून ठेवण्याची मुभा दिली, असा अर्थ कोणत्याही समजूतदार माणसाने काढू नये.

मंडळाने काय करावे, याविषयी मी माझ्यापुरता विचार केला आहे. प्रत्येक मजल्यावर निदान एक स्वच्छतागृह, मुलींचे आणि मुलांचे, दिवसभर उघडे ठेवावे, आणि ते असे निवडावे की ज्याचे बाहेरचे दार कॉरिडॉरमधून दिसते. नव्या बांधलेल्या शाळांत हात धुण्याची जागा कॉरिडॉरलाच उघडी असते आणि आतल्या प्रत्येक खोलीला जमिनीपासून छतापर्यंत दार असते, म्हणजे खाजगीपणाही राहतो आणि आत घोळका करून थांबताही येत नाही. तळमजल्यावरचा कोपऱ्यातला भाग तसा बदलता येईल, आणि त्या कामाच्या दहा टक्क्यांसाठी आमची मराठी शाळा वर्षभराच्या स्नेहसंमेलनाचे उत्पन्न देईल, असे आमच्या समितीने ठरवले आहे. पॅड स्वच्छतागृहातच, उघड्या डब्यात असावेत. काही चोरीला जातील, जाऊ द्यावेत. जेवणाच्या सुट्टीत देखरेखीसाठी माणसे कमी पडत असतील तर पालकांतून स्वयंसेवक घ्यावेत. रीतसर पार्श्वभूमी तपासणी झालेल्या सहा आया आणि दोन वडील आमच्यापैकीच तयार आहेत, माझी रात्रपाळी असते त्या आठवड्यात मी स्वतः दोन दिवस येऊ शकते. आणि हे सगळे ठरवण्याआधी मुलींना विचारावे, विद्यार्थी प्रतिनिधींच्या औपचारिक बैठकीत नव्हे तर चॅपलन बाईंसमोर, बंद दाराआड, कारण तिथे त्या बोलतील.

सत्र संपण्यापूर्वीच्या आपल्या सभेत हा विषय घ्यावा आणि मला पाच मिनिटे बोलू द्यावे, अशी विनंती आहे. तोवर, निदान पहिल्या मजल्यावरचे एक दार उद्यापासून उघडे ठेवता आले तर ठेवावे. केअरटेकरांकडे ती लाकडी पाचर आहे. शनिवारी दुपारी ते ती काढून किल्लीच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवतात.

कळावे,

आपली विश्वासू,
इयर नाइनमधील एका विद्यार्थिनीची आई